मदत हवी आहे: हायब्रिड गाडी कागदावर २२, टाकीला १६-१७. खरंच बॅटरी गेलीय का?

मंडळी, खर्चात पडायच्या आधी एकदा विचारून घ्यावं म्हटलं.

सात महिन्यांपूर्वी सेकंड हँड मिडसाइज हायब्रिड सेडान घेतली, चार वर्षं जुनी, ५८ हजार किमी चाललेली, अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन, प्लग लावायची नाही, साधी सेल्फ चार्जिंगवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर अर्धे लोक "ती घ्यायलाच नको होती" एवढंच सांगायला येतील. अधिकृत आकडा लिटरला २२ च्या आसपास आहे. तेवढं मिळणार नाही हे मलाही माहीत होतं, पण १९-२० तरी देईल अशी अपेक्षा होती.

मीटरवर भरवसा नाही म्हणून टाकी टू टाकी मोजतोय. दरवेळी तोच पंप, ऑटो कट झाला की बस, राउंड फिगरसाठी वरून थोडं थोडं ओतायला लावत नाही. शेवटच्या तीन टाक्या अशा: ६१२ किमीला ३६.४ लिटर म्हणजे १६.८, ५८८ किमीला ३५.९ लिटर म्हणजे १६.४, आणि तिसऱ्या टाकीत एक लांबचा प्रवास झाला तेव्हा ६७१ किमीला ३४.१ लिटर म्हणजे १९.७. पहिल्या टाकीला गाडीचा डिस्प्ले १७.९ दाखवत होता, म्हणजे तो पण एक किमीने फेकतोच.

माझा रोजचा रस्ता फार छोटा आहे. सकाळी मुलाला सोडायचं, तिथून ऑफिस, सगळं मिळून ८ किमी, मध्ये सिग्नल भरपूर. संध्याकाळी तेच उलटं. एक गोष्ट नीट बघितलीय, सकाळी गाडी काढली की पहिले दोन-अडीच किमी इंजिन बंदच होत नाही, सिग्नलला उभा असलो तरी गुरगुरत असतं, तेव्हा ट्रिपचं ॲव्हरेज ७-८ दाखवतं. मग साधारण तिसऱ्या किमीला एकदम शांतता होते, ईव्ही दिवा (म्हणजे गाडी फक्त मोटरवर) लागतो आणि तिथून आकडा हळूहळू चढतो, पण ऑफिस येईपर्यंत १२ च्या पुढे काही जात नाही. हायवेला ९० ने गेलो तर २१, १२० ने गेलो तर १७.

सर्व्हिसिंगला दाखवली तर तिथला माणूस पाच मिनिटं चक्कर मारून आला आणि म्हणाला हायब्रिड बॅटरी वीक झालीय, बदलावी लागेल. कुठला कोड आला, काय मोजलं, विचारलं तर "साहेब अनुभवावरून कळतं". डॅशवर वॉर्निंग नाही, पिकअप ठीक आहे, बॅटरीच्या कांड्या दोनपासून सहापर्यंत नेहमीसारख्या वरखाली होतात.

अजून एक हिशोब मला सुटत नाहीये. छोट्या फेऱ्यांना १२ आणि हायवेला सावकाश २१, महिन्यात दोन्हीचे किमी जवळपास सारखेच होतात, मग सरासरी साडेसोळा यायला हवी ना, प्रत्यक्षात काही महिन्यांत त्याहूनही कमी का येते? हे बघूनच मला गाडीत काहीतरी लीक असल्यासारखं वाटायला लागलंय.

बायको म्हणते गाडी छान चाललीय, तू मीटरकडे बघणं बंद कर. ते काही होणार नाही. तर बॅटरी खरंच गेली असेल का, आणि ती बदलायच्या आधी घरच्या घरी काय काय तपासता येईल?

---

प्रतिसाद:

दादा, बॅटरीला अजून हात लावू नका. माझ्याकडे याच वर्गातली हायब्रिड सहा वर्षं आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी तुमचं गणित. किमी सारखे असले तर ॲव्हरेजची सरळ बेरीज करून दोनने भागायचं नसतं, लिटर मोजायचे. समजा १२० किमी १२ ने गेलात, १० लिटर लागले. पुढचे १२० किमी २४ ने गेलात, ५ लिटर. २४० किमीला १५ लिटर म्हणजे १६, अठरा नाही. खराब ॲव्हरेजवाले किमी टाकीतलं जास्त पेट्रोल खातात म्हणून सरासरी नेहमी त्यांच्याकडे झुकते. तुमचं १२ आणि २१ केलंत तर सव्वापंधरा येईल. लीक वगैरे काही नाही.

आता त्या पहिल्या तीन किमीबद्दल. तेव्हा इंजिन गाडी ओढण्यापेक्षा स्वतःला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला गरम करायला चालू असतं. कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय धूर नीट साफ करत नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर इंजिन बंद होऊ देत नाही, मग बॅटरी कितीही भरलेली असो. साध्या पेट्रोल गाडीतही हे होतंच, पण तिथे कळत नाही कारण ती सिग्नलला तशीही चालूच असते. हायब्रिडची सगळी कमाई इंजिन बंद ठेवण्यात आहे, आणि तुमच्या ८ किमीतले तीन त्यातच जातात. थंडीत तर विचारू नका, हीटर लावला की केबिन गरम करायला पण इंजिनच लागतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा आहे, उणे ७ अंशांना छोट्या शहरी फेऱ्यांमध्ये साध्या गाडीचं ॲव्हरेज साधारण १५ टक्के पडतं आणि हायब्रिडचं ३० ते ३४ टक्के.

सेल्फ चार्जिंग हा शब्द जाहिरातवाल्यांचा, त्यावर जाऊ नका. असल्या गाडीतली बॅटरी एक-दीड युनिटची असते, त्यातलाही मधला भागच वापरला जातो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ती बॅटरी ही दुसरी टाकी नाही, ती सुट्या पैशांचा गल्ला आहे, ब्रेक मारताना थोडे टाकायचे आणि निघताना काढायचे, मुळात पैसा सगळा पेट्रोलचाच. ती खरंच वीक झाली तर कांड्या झपझप वरखाली होतात, बॅटरी गार ठेवणारा फॅन मोठ्याने फिरतो, इंजिन उगाचच चालू होतं, आणि स्कॅनर लावला की ब्लॉकचे, म्हणजे बॅटरीतल्या सेलच्या गटांचे, व्होल्टेज एकमेकांपासून फुटलेले दिसतात. ते रीडिंग कागदावर मागा. अनुभवावरून बॅटरी बदलायची नसते.

हायवेचं तर भौतिकशास्त्र आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो, १०० वरून १२० वर गेलात की ४४ टक्के जास्त. तिथे ब्रेक लागत नाही म्हणून परत मिळवायला पण काही नसतं, उरतं ते फक्त ॲटकिन्सन सायकलचं (कमी पेट्रोल पिणाऱ्या पद्धतीचं) कंजूस इंजिन. अधिकृत आकडा रोलरवर ठरलेल्या वेगाने चालवून काढतात. युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत अर्ध्या तासात सव्वातेवीस किमी, सरासरी ४६ च्या आसपास, म्हणजे एकदा गरम झालेलं इंजिन तिथे बराच वेळ वापरलं जातं. तुमची फेरी तिच्या एक तृतीयांशच आहे.

टायर कुठले आहेत ते बघा. २०१८ च्या कॅमरी हायब्रिडचा अमेरिकेतला अधिकृत आकडा साध्या व्हेरियंटला ५२ मैल प्रति गॅलन होता आणि वरच्या व्हेरियंटला ४६, म्हणजे २२ आणि साडेएकोणीस किमी, आणि त्यात मोठ्या चाकांचा आणि वजनाचा वाटा आहे. तुम्ही जो २२ धरून बसलाय तो तुमच्याच व्हेरियंटचा आहे का ते आधी तपासा. हवा पण बघा, पण त्यात फार जीव अडकवू नका, चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय कमी असेल तर ०.२ टक्के फरक पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही: ब्रेक बघा. हायब्रिडमध्ये वेग कमी करायचं काम बरंचसं मोटर करते, पॅड क्वचित लागतात, मग कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकतात आणि एखादं चाक सतत किंचित धरून राहतं. गाडी चालवताना कळत पण नाही. पंधरा-वीस किमी शांतपणे चालवा, शेवटी ब्रेक जवळजवळ न लावता थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल.

---

मूळ प्रश्नकर्ता:

बापरे, एवढं तर मॅन्युअलमध्ये पण नाही. गणिताची जरा लाजच वाटली, असो.

आधी हवा. लिहिलेली ३५, निघाली २८, २९, २७ आणि ३१, म्हणजे पंपावर कुणी कधी बघितलेलीच नाही (मी पण नाही). मागच्या सीटखालची बॅटरीला हवा देणारी जाळी धुळीने भरलेली होती, ती ब्रशने साफ केली. व्हेरियंटचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं, २२ हा खालच्या मॉडेलचा आकडा आहे, माझं मोठ्या रिमवालं आहे. विकणाऱ्याने जो कागद दाखवला तो दुसऱ्याच गाडीचा, आणि मी सात महिने तो उराशी धरून बसलो होतो.

मग रविवारी सकाळी रस्ता रिकामा होता तेव्हा अठरा किमी फिरवून आणली, शेवटचा अर्धा किमी ॲक्सिलरेटर सोडून सावकाश आणून थांबवली. पुढची दोन्ही चाकं कोमट. मागचं डावं तर गारच. मागच्या उजव्याजवळ हात नेला आणि चार बोटं लांबूनच झळ लागली, जळक्या पॅडचा वास पण येत होता. जॅकवर चढवून हाताने फिरवलं तर डावं दोन फेऱ्या फिरलं, उजवं पाव फेरीत कर्र करून थांबलं.

दुसऱ्या गॅरेजला नेली. त्याने दोन्ही पिना ठोकून काढल्या, एक तर गंजाने चॉकलेटी झालेली, घासून ग्रीस लावलं, पॅड बदलले. जाता जाता स्कॅनर लावून ब्लॉक व्होल्टेज पण दाखवले, सगळे जवळपास सारखे. बॅटरीचा विषय त्याने काढलाच नाही.

त्यानंतरची पहिली टाकी: ६०४ किमी, ३२.३ लिटर, म्हणजे १८.७. त्यात लांबचा प्रवास एकही नाही, रोजचं ऑफिस आणि दोन रविवारचे फेरफटके. सकाळचे पहिले तीन किमी तसेच आहेत, तेव्हा ७-८ च दाखवतं, त्याला काही इलाज दिसत नाही. आता मुलाला सोडून ऑफिसला जाताना मध्ये गाडी बंद करून दहा मिनिटं गप्पा मारायचं सोडलंय, तेवढ्याने काही फरक पडतो का ते माहीत नाही.

एक राहिलं. मागच्या सर्व्हिसिंगला बिलावर इंजिन ऑइल ५डब्ल्यू-३० लिहिलंय आणि मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-१६, म्हणजे त्याहून पातळ ग्रेड, आहे. आता टाकलेलं काढून बदलून घेऊ, की पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबू?