बाबा घराबाहेर पडत नाहीत, आम्ही शेजारी मिळून काय करू शकतो?

धाकटी_लेक:

आईला जाऊन चौदा महिने झाले. बाबा ७९ वर्षांचे. गुडघे कुरकुरतात, पण चालता येतं. आधी रोज संध्याकाळी ज्येष्ठांच्या गटात जाऊन बसायचे. गेल्या पाच-सहा महिन्यांत तेही बंद. विचारलं तर "कंटाळा आलाय" एवढंच. मी दुसऱ्या गावी असते. रोज रात्री व्हिडिओ कॉल करते, तीन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतात.

मागच्या भेटीत कळलं की त्याच जिन्यावर आणखी तीन माणसं अशीच दाराआड आहेत. त्यातल्या एक काकू मला म्हणाल्या, "परवापासून आज पहिल्यांदा कुणाशी बोलतेय गं." ते वाक्य डोक्यातून जात नाही. खालची दोन कुटुंबं मदतीला तयार आहेत. पण नक्की करायचं काय? करमणुकीचा कार्यक्रम ठेवला तर हे चौघे येणारच नाहीत.

पायरी_पायरीने:

आधी कान तपासून घ्या. माझे सासरे "गर्दी नको वाटते" म्हणायचे, मूळ कारण ऐकू येत नव्हतं. घरात आमच्या लक्षात आलं नाही, कारण घरी एकच माणूस समोर बसून बोलतो. वयाबरोबर बारीक, उंच आवाज आधी जातात. स, श, फ, थ गळतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. चारजण एकदम बोलायला लागले की नुसती मान डोलवत बसायचं, असं किती दिवस करणार? तुमचा कॉल तीन मिनिटांत का संपतो, त्याचंही उत्तर यात असू शकेल. टीव्हीचा आवाज किती मोठा असतो ते शेजाऱ्यांना विचारा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितलेत, त्यात कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटणं हे दोन्ही आहेत.

निवृत्त_परिचारिका:

मी ३१ वर्षं वॉर्डात काढली. आता ७३ ची आहे आणि मधली दोन वर्षं मीही तुमच्या बाबांसारखीच घरात बसून होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"कंटाळा" या शब्दामागे फार वेळा लाज असते. या वयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, लघवी धरवत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी जास्त होणारी गोळी असेल तर विचारूच नका. जिथे जमतात तिथे जवळ स्वच्छतागृह नसलं की माणूस आधी अर्धा तास बसतो, मग दहा मिनिटं, मग जातच नाही. हे तो लेकीला कधीही सांगणार नाही. भाऊ किंवा नवरा असेल तर त्याला विचारायला लावा. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. दुसरी भीती पडण्याची. ६५ च्या पुढे दर वर्षी साधारण तिघांतला एक पडतो, आणि जो पडलेला नाही तोही धास्तावलेला असतो. जिन्यातला दिवा, हलणारा कठडा, मधल्या मजल्यावर टेकायला एक खुर्ची. तुमच्या त्या दोन कुटुंबांनी पहिलं काम हे करावं.

आता माझं. चार वर्षं नवऱ्याच्या पक्षाघाताचं केलं. ते गेल्यावर लोक यायचे, "काही लागलं तर सांगा" म्हणायचे. मी कुणालाच काही सांगितलं नाही. असं कोण सांगतं हो? मग एका रात्री वरच्या मजल्यावरच्या मुलीने दार वाजवलं. कडेवर तापलेलं बाळ. "मावशी, थर्मामीटर कसा लावू?" दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला का ते बघायला मी आपणहून जिना चढले. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणून सांगते, त्या चौघांना काय लागतं ते नंतर विचारा, त्यांना काय येतं ते आधी विचारा.

फोनही करा, पण वेळ ठरवून. टेक्सासमधला एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. २४० जण होते, त्यातल्या निम्म्यांना तरुण मुलामुलींनी चार आठवडे फोन केले. सुरुवातीला रोज, पुढे ज्याला हवे तितके. दहा-एक मिनिटांचं बोलणं, विषय त्या माणसाच्या आवडीचा. फोन करणाऱ्यांना थोडंसं प्रशिक्षण दिलं होतं, एवढंच. तरी एकाकीपणा आणि उदासी दोन्ही कमी झाल्या. आम्ही नऊजण आता बारा घरी फोन करतो. "कसे आहात" असं विचारलं की "ठीक" म्हणून संपतं. त्याऐवजी मी काहीतरी अडलेलं विचारते.

दुसरी_बाजू:

एक सांगते, एकटं राहणारा प्रत्येकजण एकाकी नसतो. माझी आत्या एकटी मजेत आहे, तिला फोनचा जाच होईल. त्यामुळे नकार आला तर तो ऐका. मात्र वजन उतरलंय, झोप उडालीय, "आता जगून काय करायचं" असं तोंडात येतंय, असं असेल तर शेजाऱ्यांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

धाकटी_लेक:

तीन आठवडे झाले. परिचारिका मावशी, तेच होतं. दादाने विचारलं, बाबा बराच वेळ गप्प बसले आणि मग सगळं सांगितलं. मी इतके महिने त्यांना "जा ना बाबा, जा ना" म्हणत होते, याचं फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी औषध बदललंय. कानाची तपासणी पुढच्या आठवड्यात.

बाबा आयुष्यभर हिशेबनीस होते. जिन्यात दिवे आणि नवा कठडा बसवायचा ठरला तेव्हा खालच्यांनी वर्गणीची वही त्यांच्याकडे दिली. परवा रात्री मी चार वेळा कॉल केला, उचलला नाही. मी पुरती घाबरले. पाचव्या वेळी उचलला तर धापा टाकत होते. वही घेऊन काकूंकडे गेले होते, त्यांच्या आकड्यात काहीतरी चुकत होतं म्हणे. "उद्या बोलू, अजून एक घर राहिलंय," म्हणाले आणि ठेवला.