मदत हवी आहे: खानापूरकडच्या तळ्यातला हा लव्हाळा नेमका कोणता?

आमच्या पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीसाठी तळ्याकाठची झाडंझुडपं लिहून काढतोय. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. एका वनस्पतीपाशी आठ दिवस अडकलोय.

तळं लहान, भातशेतीला लागून. पावसाळ्यात कमरेएवढं पाणी, उन्हाळ्यात नुसता चिखल. काठच्या घोटाभर पाण्यात हिचे झुबके. पानं नाहीतच, बुडाशी पातळ आवरणं तेवढी. हिरव्यागार गोल नळ्या, गुडघ्याच्या वर जातात. नळी चिमटीत दाबली की टक्‌ टक्‌ वाजते. ब्लेडनं उभी चिरली तर आत आडवे पडदे. आणि तपकिरी कणसांचा गुच्छ शेंड्याला नाही, नळीच्या मध्यावर, कुणी बाजूनं चिकटवल्यासारखा!

आजी म्हणते, "लव्हाळाच की तो, त्यात काय बघायचं?" शेजारचे कन्नड काका जेकू म्हणतात. दोघंही पाण्यातल्या निम्म्या गवताला हेच म्हणतात, ते सोडा. मोबाइलच्या अ‍ॅपनं एलिओकॅरिस (लव्हाळ्याच्याच कुळातली एक प्रजाती) सांगितलं. शाळेत शिकलो होतो की लव्हाळ्याचं खोड तिधारी. मग हा गोल कसा? फोटो जोडलेत.

प्रतिसाद १
तिधारी खोडाची खूण नागरमोथ्याला लागू पडते, पण त्याच कुळात, म्हणजे सायपरेसीत, गोल खोडाचेही पुष्कळ आहेत. एलिओकॅरिसच्या काही जातींत असेच आडपडदे असतात, म्हणून अ‍ॅप फसलं. मात्र त्याचं कणीस एकटं आणि अगदी टोकाला असतं. तुमचा गुच्छ मध्ये आहे, तेव्हा हा शोएनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा वाटतो. गुच्छाच्या वरचा भाग खोड नव्हेच, ते फुलोऱ्याखालचं पान आहे. खोडासारखं सरळ वाढतं आणि फसवतं. भातखाचरं, उथळ तळी, पावसाळी डबकी ही त्याची नेहमीची जागा. पिकलेलं बी भिंगाखाली बघा. एलिओकॅरिस असेल तर बीच्या डोक्यावर टोपी दिसेल.

मूळ लेखक
आत्ताच तळ्यावरून आलो, चप्पल चिखलात ठेवून. बी काळं, त्यावर आडव्या सुरकुत्या, टोपी नाही. आणि गंमत म्हणजे तीन कडा आहेत, खोडाला नाहीत त्या बीला! नोंदवहीत तुम्ही सांगितलेलं शास्त्रीय नाव लिहितो, स्थानिक नावांच्या रकान्यात लव्हाळा आणि जेकू दोन्ही. आजीला अजून पटलेलं नाही.