फॉक्सप्रोतला सोसायटीचा डेटा पोस्टग्रेसमध्ये न्यायचाय, मराठी नावं वाचता येत नाहीत

मंडळी, हर्णै बाजूच्या एका मच्छीमार सोसायटीचं काम हातात घेतलंय. डिझेल, बर्फ, उचल, शेअर्स सगळं डॉसच्या फॉक्सप्रो २.६ वर (जुना डेटाबेस प्रोग्रॅम). ६४-बिट विंडोजवर तो चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) रेटतोय. पावसात लाईट गेली की इंडेक्स बिघडतो, मग रीइंडेक्स करत बसा. लायसन्सवर खर्च करायचा नाही असं सेक्रेटरींनी बजावलंय, त्यामुळे पोस्टग्रेस (फुकट डेटाबेस) आणि त्यावर लिबरऑफिस बेसचे फॉर्म असं ठरवलंय. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर असतात, तेवढ्यात उरकायचं.

आकडे, तारखा ठीक येतात. पण लिबरऑफिस कॅल्कमध्ये .डीबीएफ (फॉक्सप्रोची टेबल फाइल) उघडली की मराठी नावांच्या जागी नुसती चिन्हं. जुना पीसी जिस्ट कार्डवाला (डॉसमध्ये मराठी दाखवणारं कार्ड) होता. होड्यांची यादी मात्र नंतर कुणीतरी विंडोजवर, व्हिज्युअल फॉक्सप्रोत केलेली. युनिकोडमध्ये कसं आणू? सगळी नावं पुन्हा टाइप करायला सांगू नका प्लीज.

प्रतिसाद १
दोन्ही टेबलांना एकच स्क्रिप्ट लावू नका. जिस्टवालं बहुधा इस्की असणार (भारतीय लिप्यांचं जुनं प्रमाण कोडिंग, आयएस १३१९४:१९९१). त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात, आयसीयू लायब्ररीचं यूकॉन्व्ह हे रूपांतराचं टूल 'इस्की, व्हर्जन=०' देऊन सरळ यूटीएफ-८ (युनिकोड) करतं. विंडोजवालं फॉन्टचं असेल तर तिथे आकार साठवलेले असतात: ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी, 'दर्या'तला रफार कान्याच्याही नंतर. त्याला त्या फॉन्टचा तक्ता लागतो, वर क्रम बदलावा लागतो. फाइल हेक्समध्ये (कच्चे बाइट दाखवणाऱ्या एडिटरमध्ये) बघा. मराठी मजकुराचे स्पेस सोडून सगळे बाइट १६० च्या वर असतील तर इस्की, मधेमधे साधी इंग्रजी अक्षरं दिसली तर फॉन्ट.

आणि फॉक्सप्रोत डिलीट केलेली ओळ पॅक (अशा ओळी कायमच्या काढणारी कमांड) करेपर्यंत फाइलमध्येच असते, ओळीच्या सुरुवातीला * असतो. आधी प्रतीवर पॅक करा, नाहीतर सोडून गेलेले सभासद परत हजर. पोस्टग्रेसमध्ये रिकाम्या तारखा नल (किंमत नाही) करा, रकमा न्यूमेरिक (अचूक दशांश) प्रकारातच ठेवा.

धागाकर्ता
बघितलं. सभासद इस्की निघाले, यूकॉन्व्हने झकास आले. होड्यांत इंग्रजी अक्षरं आहेत, म्हणजे फॉन्टच. पण फॉन्टचं नाव कुठेच नाही, तो पीसी भंगारात गेला. जुने प्रिंटआउट आहेत, त्यावरून ओळखता येईल?

प्रतिसाद २
येईल. 'श्री', 'द्ध', 'क्ष' असलेल्या ओळींचे फोटो टाका, शेजारी त्याच ओळींचे हेक्स बाइट द्या. फॉन्ट ओळखला नाही तरी त्यावरून तक्ता हाताने बांधता येतो.