प्रति: इंग्रजी चांगलं असलं की पुरे?

टेक्निकल रायटरला, म्हणजे सॉफ्टवेअर किंवा यंत्र कसं वापरायचं याची मॅन्युअल लिहिणाऱ्याला, इंग्रजी उत्तम हवं, माहिती काय इंजिनिअर देतातच, असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय ते मला अर्धंसुद्धा पटलं नाही. माहिती कुणी आणून देत नाही, ती काढावी लागते. सॉफ्टवेअरचं रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढणं, तोंडावर आलं की डेव्हलपरला बोलायला सवड नसते. मग जिराची (कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) तिकिटं, म्हणजे एकेका कामाच्या नोंदी, वाचायची, टेस्ट सर्व्हरवर (चाचणीसाठी ठेवलेल्या सर्व्हरवर) स्वतः सगळं चालवून बघायचं आणि नेमका प्रश्न घेऊनच त्याला गाठायचं. प्रत्यक्ष लिहिण्यात दिवसाचा लहानसा भाग जातो. त्यात शेवटच्या आठवड्यात एक मेनू हलला तरी स्क्रीनशॉट पुन्हा घ्यावे लागतात!

आणि 'उत्तम इंग्रजी'बद्दल. विमानांच्या देखभालीच्या मॅन्युअलसाठी एएसडी-एसटीई१०० हे सोप्या तांत्रिक इंग्रजीचं मानक वापरतात. ते १९८० च्या दशकात युरोपात आकाराला आलं, कारण ही मॅन्युअल वाचणाऱ्या बऱ्याच मेकॅनिकांची मातृभाषा इंग्रजी नसते. त्याच्या कोशात मंजूर शब्द साधारण ९००, वर लागतील ती तांत्रिक नावं. कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५. एका वाक्यात शक्यतो एकच सूचना, आणि धोक्याचा इशारा त्या पायरीच्या आधी. इथे अलंकारिक भाषा चालतच नाही. म्हणून मराठी माध्यमातल्या मुलांनी घाबरून हे क्षेत्र सोडू नये असं मला मनापासून वाटतं. मुलाखतीत मी उमेदवाराला एखादं ॲप देऊन पायऱ्या लिहायला सांगते, त्यात ही मुलं मागे पडलेली मला दिसली नाहीत.