'नफ्स'ला मराठीत काय म्हणावं: आत्मा, जीव की रूह?

पैलतीर: अभ्यासमंडळासाठी तत्त्वज्ञ-वैद्य इब्न सीनाच्या (९८०–१०३७) 'अधांतरी माणसा'वर टिपण लिहितोय. पूर्ण वाढलेला माणूस एकदम निर्माण झाला, हवेत तरंगतोय, डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना लागत नाहीत. तरी 'मी आहे' हे त्याला कळेलच. म्हणजे नफ्स (अरबी शब्द: माणसातला 'मी', जिवंत ठेवणारं तत्त्व) शरीराहून वेगळं. मी सगळीकडे 'आत्मा' लिहिलं. दापोलीकडच्या मित्राच्या वडिलांना वाचायला दिलं, तर चाचांनी पेन्सिलीने प्रत्येक 'आत्मा'वर फुली मारली. "आत्मा म्हटलं की चौऱ्याऐंशी लक्ष योनी आल्या. आमच्यात एक जन्म, मग कबर, मग कयामत. रूह लिही." पण मुळात शब्द नफ्स आहे. इब्न सीनाच्या वैद्यकात रूह म्हणजे हृदयात तयार होणारी सूक्ष्म वाफ, ती वेगळीच. आणि पुनर्जन्म तर त्यानेच खोडलाय. काय करू?

खाडीकाठ: 'जीव' लिहा. इब्न सीना झाडांनाही नफ्स देतो, जनावरांनाही. माणसाचं ते विचार करणारं, नफ्स-ए-नातिका. 'झाडाचा आत्मा' खटकतं, 'झाडात जीव असतो' हे माझी आजी संध्याकाळी पान तोडू देत नसे तेव्हा म्हणायची. शिवाय कुराणात आहे (३:१८५) की प्रत्येक नफ्स मरण चाखणार. तिथे 'आत्मा' घातलात तर गीतेतलं 'न हन्यते' (आत्मा मरत नाही) पाठ असलेला वाचक अडलाच.

पैलतीर: झाडाचं पटलं. पण आपल्याकडे जीव गेला की संपलं. इब्न सीना म्हणतो, शरीर गेलं तरी विचार करणारं नफ्स उरतं. 'जीव उरला' लिहिलं तर मराठी माणूस वाचेल, 'थोडक्यात वाचला'!

धातुपाठ: आत्मा सोडू नका. अरबीत 'नफ्सुहू' म्हणजे 'तो स्वतः'. संस्कृतात आत्मन् हेच काम करतो, आणि आपलं 'आपण' त्यातूनच आलंय: आत्मन्, अप्पण, आपण. अधांतरी माणसाला कळतं ते 'आपण आहोत' एवढंच ना? नफ्स आणि नफस (श्वास) एकाच धातूचे; रूह आणि रीह (वारा) तसेच. मराठीत शब्द असताना उसना कशाला?

सोलापुरी: उसना कुणाला? आमच्या घरात नफ्स रोजचा शब्द आहे, आणि अर्थ हाव. रोजाच्या दिवशी अजानआधी खजुराकडे हात गेला की नानी म्हणायची, "नफ्स कू मारना सीक." कुराणातच तीन तऱ्हा आहेत: वाईटाकडे ओढणारं अम्मारा, स्वतःला टोचणारं लव्वामा, निवांत झालेलं मुत्मइन्ना. नानीच्या वाक्यात 'आत्मा मार' बसवून बघा.

खाडीकाठ: धातुपाठ, व्युत्पत्ती मान्य, पण वाचकाचं काय? धर्मपंडित गझालीने १०९५च्या सुमारास 'तहाफुतुल फलासिफा' या ग्रंथात इब्न सीनासारख्या तत्त्वज्ञांवर वीस मुद्दे काढले, त्यातले तीन थेट कुफ्र (धर्म नाकारणं) ठरवले. एक हाच, की मेलेलं शरीर पुन्हा उठणार हे ते मानत नाहीत. पुढे तत्त्वज्ञ इब्न रुश्दने उत्तर दिलं. भांडण शरीराचं होतं! 'आत्मा' लिहिलं की आपल्या वाचकाला वाटतं, देह राख होणार, आत्माच पुढे जाणार, त्यात वाद कसला? गझाली एवढा का तापला, ते कळतच नाही.

धातुपाठ: म्हणजे ज्ञानेश्वरांपासूनचा शब्द टाकायचा?

खाडीकाठ: टाकायचा नाही. इथे ठेवायचा नाही.

सोलापुरी: असाच साचा 'पैगंबरवासी'चा. कैलासवासीवरून पाडलेला. वडील गेले तेव्हा बातमीत तसंच छापून आलं. पैगंबरांच्या ठायी कोण वास करतो? मरणानंतर कयामतीपर्यंत बरजख. 'मरहूम' लिहा म्हणून फोन केला तर म्हणाले, वाचकांना कळणार नाही.

खाडीकाठ: बरजख म्हणजे आड. कुराणात (२५:५३) गोड्या आणि खाऱ्या पाण्यामधला पडदा, त्यालाही हाच शब्द.

धातुपाठ: 'मरहूम' कळत नाही म्हणणाऱ्यांच्या सातबाऱ्यावर 'मयत' असतं की. तो अरबी 'मय्यित'च.

सोलापुरी: आमच्या गल्लीत 'मयतीला जाऊन आलो' सगळेच म्हणतात.

धातुपाठ: मयतीला? आमच्याकडे 'मयताला'. मयत पुल्लिंगी.

सोलापुरी: माणूस गेला तो मयत. आपण जातो ती मयत.

पैलतीर: चाचांना उद्या काय दाखवू?