सांडपाण्याच्या विषारीपणाच्या चाचणीसाठी देशी मासा कोणता घ्यावा?

प्रश्न (नदीकाठ): प्रक्रिया केलेल्या औद्योगिक सांडपाण्याची ९६ तासांची चाचणी लावायची आहे. गप्पी सहज मिळतात, पण तो दक्षिण अमेरिकेतला. हे पाणी दख्खनच्या नदीत जाणार, म्हणून इथलाच मासा हवा. शिंगी आणि मरळ जिवंत मिळतात, टाकीत टिकतातही. चालतील का?

जलचर: नकोत. ते टिकतात हीच अडचण आहे. शिंगी, मरळ, मांगूर हे पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेतात, म्हणून कल्ल्यांवरून विषारी पाणी कमी फिरवूनही जगतात. आपला निकष विरळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९०% मासे जिवंत, असा आहे. शिंगीने तो गाठला म्हणून नदीतला रासबोरासारखा लहान मासा वाचेल असं मुळीच नाही.

रोहू किंवा मृगळाची ३ ते ५ सेंमीची बोटुकली घ्या. एकाच मत्स्यबीज केंद्रातली, एकाच वेळच्या अंड्यांतली घेतली की वय आणि आकार सारखे मिळतात, निकालातला विखुरलेपणा कमी होतो. फक्त रोहू मूळचा उत्तरेकडच्या नद्यांचा, दख्खनमध्ये आणून सोडलेला. काटेकोरपणे इथलाच हवा असेल तर रासबोरा डॅनिकोनियस किंवा पेथिया टिक्टो.

कल्ला: रासबोरा चांगला, पण नदीतून धरलेला मासा थेट चाचणीत घालू नका. जाळ्यात खवले निघतात, मग बुरशी धरते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मर सुरू होते. ती मर सांडपाण्याच्या खात्यात जमा होते. पेथिया आणि त्याच्यासारखाच दिसणारा पुंटियस यांची पिल्लं एकाच थव्यात मिसळलेली असतात, म्हणून मासे वेगळे ओळखून घ्या. प्रदूषित पट्ट्यातून धरू नका, तिथले मासे आधीच सरावलेले असू शकतात.

मासे टाकीत स्थिरावल्यानंतरच्या ७ दिवसांत ५%पेक्षा कमी मेले तर तुकडी वापरा. ५ ते १०% मेले तर आणखी ७ दिवस थांबा. त्याहून जास्त मेले तर सगळी तुकडी बाद करा. चाचणीआधी २४ तास खाद्य बंद, नाहीतर विष्ठेतून अमोनिया वाढतो.

शिवाय प्रत्येक तुकडीवर पोटॅशियम डायक्रोमेट या ओळखीच्या विषाची संदर्भ चाचणी लावा. तिचा एलसी५० (निम्मे मासे मारणारी तीव्रता) तुमच्या आधीच्या सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांपलीकडे गेला तर ती तुकडी भरवशाची नाही. देशी माशांसाठी तयार आकडेवारी तुटपुंजी असल्याने ही पायरी गाळूच नका.

नदीकाठ: मग बोटुकलीच घेतो. एका टाकीत १० मासे ठेवले तर पाणी किती? आणि हवा सोडायची का?

जलचर: लिटरमागे ०.८ ग्रॅमपेक्षा जास्त मासा नको. सरासरी वजन १ ग्रॅम भरलं तर १० माशांना साडेबारा लिटर. सांडपाणी विरळ करायला वापरायचं पाणी क्लोरीनमुक्त हवं आणि त्याची कठीणता मोजून लिहा; मऊ पाण्यात तांबं, जस्त, कॅडमियम जास्त मारक ठरतात.

हवेचं जरा जपून. सांडपाण्यातले जंतू प्राणवायू खातात, म्हणून तो संपृक्ततेच्या ६०%खाली जाऊ देऊ नका, नाहीतर मासा विषाने नव्हे, गुदमरून मरेल. पण जोरात हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड उडून सामू चढतो. २५ अंशांवर सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्का मुक्त, मारक रूपात असतो; सामू ८ झाला की तो ५%च्या पुढे जातो. बुडबुडे मोजके ठेवा आणि सामू, प्राणवायू, तापमान रोज प्रत्येक टाकीत मोजा. नियंत्रण टाकीत (जिच्यात सांडपाणी नसतं) १०पैकी एकाहून जास्त मासा मेला तर चाचणी रद्द.

कल्ला: एक जोड. नमुने बरेच असतील तर झेब्रामाशाची अंडी वापरून बघा. तोही दक्षिण आशियातलाच. २४ खणांच्या तबकडीत, २६ अंशांवर, प्रत्येक तीव्रतेला २० भ्रूण. गर्भ साकळणं, कायखंड (शरीराचे सुरुवातीचे खंड) न बनणं, शेपूट न सुटणं, हृदय न धडधडणं ही चार लक्षणं पाहायची. थोड्याशा सांडपाण्यात काम होतं आणि मोठे मासे मारावे लागत नाहीत. मोठ्या माशांवरची चाचणी मात्र संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आल्यावरच सुरू करा.