हीपला ‘ढीग’ म्हणू नका

संगणकातल्या शब्दांना मराठी नावं शोधताना कुणीतरी स्टॅकला (एकावर एक माहिती रचत जायची पद्धत) ‘चळत’ आणि हीपला ‘ढीग’ म्हणायचं सुचवलंय. त्यातलं ‘चळत’ मला एकदम पटलं. भाकऱ्यांची चळत डोळ्यांसमोर आली की शेवटी ठेवलेली आधी उचलायची, हे वेगळं सांगावं लागत नाही. पण हीपला ‘ढीग’? तिथे घोळ आहे. हीप दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. एक म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना हवी तशी मागून घेतलेली मेमरी. तिला ढीग खुशाल म्हणा. दुसरा म्हणजे आकडे रचून ठेवायची एक पद्धत, १९६४ साली विल्यम्सने हीपसॉर्टसाठी (आकडे क्रमाने लावायची रीत) मांडलेला, आणि तो चांगला शिस्तीचा असतो. अंधेरीत पहिल्याच इंटरव्ह्यूमध्ये मी याच नावापायी आपटलो होतो. समोरचा मेमरीबद्दल विचारत होता, मी दुसऱ्या हीपचा ट्री (फांद्या फुटत जाणारी आकृती) काढून दाखवत बसलो. (नोकरी अर्थातच नाही मिळाली.)

या दुसऱ्या हीपला मी मनातल्या मनात ‘उतरंड’ म्हणतो. मडक्यांच्या उतरंडीत लहान मडकं वर, मोठी खाली. या हीपच्या ‘मिन-हीप’ या प्रकारातही सगळ्यात लहान किंमत माथ्यावर. फक्त इथे एका मडक्याखाली दोन मडकी, आणि त्या दोघांत लहान कोण, मोठं कोण याला काही नियम नाही. म्हणून हीप म्हणजे सॉर्ट केलेली यादी नव्हे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एवढ्या सैल शिस्तीचा फायदा असा की दहा लाख आकडे असले तरी उतरंड फक्त २० थरांची, त्यामुळे नवा आकडा घातला तर त्याला फार तर १९ पायऱ्या वर सरकावं लागतं.